ऑइलचा डबा मागच्या बाजूने वाचा

पिकअपला सिंथेटिक ऑइल घालावं का, हा प्रश्न आळेफाट्यावरच्या आमच्या दुकानात रोज येतो. उत्तर देण्याआधी मीच चार गोष्टी विचारते. गाडी कोणत्या सालची? डिझेल की सीएनजी? दिवसभर करते काय? नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेज उतरते आणि कल्याण-वाशी गाठते, की सकाळी चार वाड्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करून डेअरीवर टाकते आणि मग दुपारपर्यंत झाडाखाली उभी राहते? हे कळल्याशिवाय मी फळीवरच्या डब्याला हात लावत नाही. पण बहुतेकांनी घरून निघतानाच ठरवलेलं असतं. कुणाला सोनेरी रंगाचं हवं असतं, कुणाला भावकीतल्या अमक्याने घातलं तेच, तर कुणाला सगळ्यात महागातलं. ज्या गाडीवर घर चालतं आणि जिचे हप्ते अजून फिटायचे आहेत, तिचं ऑइल असं निवडलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिंथेटिक की साधं, हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेला असतो. तिथे एपीआय सीआय-४, सीके-४ किंवा एसीईए सी३ असं काहीतरी, म्हणजे ऑइलचा दर्जा, लिहिलेलं असतं. ते गाडीच्या पुस्तिकेशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही, तर पुढच्या बाजूला किती का मोठ्या अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं असेना, ते ऑइल तुमच्या गाडीचं नाही.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. मागच्या हंगामात ओतूरकडचा एक तरुण बीएस-६ पिकअप घेऊन आला. गाडी नवीनच म्हणायची, पण घाटात ओढत नव्हती आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझत नव्हता. मी विचारलं, ऑइल कोणतं घातलंस? तो म्हणाला, “वहिनी, वडलांनी जुन्या गाडीला जन्मभर जे घातलं तेच. पंधरा-चाळीस.” डबा त्याने सोबतच आणला होता. मागे फक्त सीआय-४ लिहिलेलं. त्याच्या पुस्तिकेत कमी राखेचं ऑइल सांगितलं होतं.

वडील चुकले नव्हते. त्यांच्या काळच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालायचं. ते जळलं की आम्ल तयार होतं आणि बेअरिंग, रिंगा खातं. ते आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमची रसायनं सढळ हाताने घालावी लागत. थोडं ऑइल रोज सिलिंडरमध्ये जळतंच. त्यातल्या या धातूंची राख धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जायची, कुणाला पत्ताही लागायचा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. डिझेलमधलं गंधक १० भागांवर आलं आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी बसू लागली. काजळी अडते, मग गाडी धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास चढवून ती जाळून टाकते. राख मात्र जळत नाही. ती जाळीच्या बारीक छिद्रांत बसते ती बसतेच, डीपीएफ उतरवून साफ करेपर्यंत. म्हणून एपीआयने सीजे-४ पासून ऑइलमधल्या राखेवर एक टक्क्याची मर्यादा घातली आणि डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या सीके-४ मध्ये ती कायम ठेवली. सीआय-४ च्या वेळी डीपीएफचा विचारच नव्हता. वडलांच्या गाडीचं औषध मुलाच्या गाडीला विष झालं ते असं. डीपीएफच्या कामाचा खर्च ऐकून तो पोरगा बाकड्यावर बसला. ऑइलच्या डब्यामागे जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट जास्त गेलं.

त्याच्या गाडीतली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मिस्त्रीने ऑइलची पट्टी ओढून, पुसून, परत घालून काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. पोरगा म्हणाला, “बरंच आहे की, कमी तर होत नाही.” मी त्याला पट्टी नाकाशी धरायला लावली. डिझेलचा वास येत होता. काजळी जाळताना इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं. गाडी हायवेला सलग चाललेली असेल तर ते काम पुरं होतं. पण दोन वाड्या करून इंजिन बंद, परत चालू, परत बंद असं झालं की काम अर्धवट राहतं, पुनःपुन्हा सुरू होतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर टिकत नाही. बीएस-६ गाडीत ऑइल कमी होण्याइतकंच ते वाढणंही धोक्याचं आहे. दुधाच्या गाडीवाल्यांना मी दोन गोष्टी आवर्जून सांगते. पट्टी आठवड्यातून एकदा बघा, आणि मधूनमधून गाडी अर्धा तास सलग पळवून आणा.

आता सिंथेटिककडे येते, कारण त्यात दम नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. साधं ऑइल कच्च्या तेलातून गाळून काढतात, त्यात लहानमोठे, नाजूक-टणक सगळ्या तऱ्हेचे रेणू राहतात. सिंथेटिकमध्ये ते रेणू सारखे करून घेतलेले असतात. काहींत गॅसपासून नव्याने बांधलेले, तर आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा डब्यांत कच्च्या तेलाचाच भाग जबर दाबाखाली हायड्रोजनने तोडून, जोडून सुधारलेला. दोन्ही सिंथेटिक म्हणूनच विकली जातात. फायदा दोन ठिकाणी दिसतो. पहिला, थंड इंजिन सुरू करताना. ४० अंशांवर मोजलं तर १५डब्ल्यू-४० ऑइलचा घट्टपणा साधारण ११० सेंटिस्टोकच्या आसपास असतो, ५डब्ल्यू-३० चा ७० च्या. पौषातल्या पहाटे जुन्नरच्या गारठ्यात हा फरक कितीतरी वाढतो आणि पहिल्या काही सेकंदांत ऑइल टर्बोपर्यंत किती लवकर पोचतं हे त्यावर ठरतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांची आहे, तेवढी थंडी निफाडलाही पडत नाही, म्हणून ते आपल्याला लागतच नाही, असं काही जण म्हणतात. गाडी बर्फात सुरू होण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही हे खरं, पण झीज व्हायला बर्फ पडावाच लागतो असं नाही.

दुसरा फायदा उष्णतेत, आणि तो आपल्या रस्त्यांवर जास्त मोलाचा. कल्याणहून परतताना भरलेली पिकअप टोकावडे सोडून माळशेज चढते तेव्हा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, आणि त्याला धरून ठेवणारा असतो ऑइलचा एक पातळ थर. घाट चढून वर आलं की चहा-कणसाच्या गाड्यांजवळ ड्रायव्हर गाडी लावतो आणि चावी फिरवतो. ऑइल पंप थांबतो. लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच करपतं, त्याचा कोळसा होतो. चांगलं सिंथेटिक असं लवकर करपत नाही. पण चावी फिरवण्याआधी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर कोणतंही ऑइल कमी करपतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

“तीसचं ऑइल पातळ, लोडच्या गाडीला कसं चालेल?” ही शंका मला रास्त वाटते. ३० आणि ४० हे आकडे १०० अंशांवर मोजलेले असतात. लोडवरच्या बेअरिंगमध्ये काय होतं हे १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात मोजतात. तिथे नुसत्या ३० ग्रेडच्या घट्टपणाला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंदाची अट आहे, पण एसीईए सी३ किंवा एपीआय सीके-४ च्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ ची. म्हणजे दोन डब्यांवर तोच आकडा असून आतला दम वेगळा. म्हणूनच मी म्हणते, आकड्यावर थांबू नका, त्याच्या खालची ओळ वाचा.

मग २०१२ ची, अडीच-तीन लाख किलोमीटर झालेली, डीपीएफ नसलेली पिकअप असेल तर? तिच्या मालकाला मी सिंथेटिक विकत नाही. माझा गल्ला कमी होतो, होऊ दे. सीआय-४ चं साधं १५डब्ल्यू-४० घ्या, अस्सल घ्या, वेळेवर बदला. तिथे लिटरमागे जवळजवळ दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा एअर फिल्टर बदलण्यात शहाणपण आहे. बांधापर्यंत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. फाटक्या फिल्टरमधून ती आत गेली की रिंगा कोणतंही ऑइल वाचवू शकत नाही. इंजिनचं काम निघालेल्या जितक्या गाड्या मी बघते, त्यांतल्या बऱ्याच ऑइलच्या ग्रेडने नव्हे, तर धुळीने आणि टाळाटाळीने गेलेल्या असतात.

टाळाटाळीवरून आठवलं. सिंथेटिक घातलं म्हणून दुप्पट किलोमीटर चालवायचं, हा हिशेब फार पसरलाय. पुस्तिकेत ऑइल बदलीचे बहुधा दोन आकडे असतात, एक साधारण वापराचा आणि दुसरा धूळ, घाट, जड माल, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं अशा वापराचा. आपली पिकअप दुसऱ्या आकड्यात बसते. मार्केटच्या गेटवरच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू असतं, ते किलोमीटरच्या काट्यात दिसत नाही. ऑइलमध्ये उतरणारी काजळी आणि डिझेल ऑइलची किंमत बघून उतरत नाहीत. आणि उलट बाजूने, घातल्यावर चार दिवसांत ऑइल काळं पडलं म्हणून घाबरूही नका. डिझेल इंजिनात चांगलं ऑइल काळं पडणारच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बोटांच्या चिमटीत चोळून ऑइलची परीक्षा होत नाही. ही सवय आमच्या भागात फार जुनी आहे, आणि ती आता सोडायला हवी.

एक गोष्ट आमच्या धंद्यात कुणी उघड बोलत नाही, मी बोलते. बऱ्याच डब्यांच्या बुचाखाली मिस्त्रीसाठी कूपन असतं. ते स्कॅन केलं की त्याच्या खात्यात पैसे किंवा पॉइंट जमा होतात. गाडीमालकाला हे ठाऊक नसतं. मिस्त्री “हेच घाला” म्हणतो तेव्हा त्यामागे त्याचा अनुभव आहे की कूपन, हे मालकाला कळायला मार्ग नाही. मिस्त्रींशी माझं भांडण नाही. चेंबरखाली उताणं पडून, गरम ऑइल कोपरापर्यंत ओघळू देत केलेल्या कामाची मजुरी लोक घासाघीस करून देतात, म्हणून त्याची नजर बुचाकडे जाते. मजुरी पुरती द्या आणि ऑइल स्वतः निवडून, पक्कं बिल घेऊन आणा. वॉरंटीत गाडी असेल तर ते बिल जपून ठेवा, क्लेमच्या वेळी पहिलं तेच मागतात.

रिकामा डबा अख्खा भंगारात देऊ नका. चांगल्या नावाच्या, न फुटलेल्या डब्याला भाव येतो तो प्लास्टिकचा नसतो. त्यात भलतंच काही भरून तो परत कुणाच्या तरी इंजिनपर्यंत जाऊ शकतो. आमच्याकडे प्रत्येक रिकाम्या डब्याला गिऱ्हाइकासमोर दाभण मारून भोक पाडतो. काढलेलं जळकं ऑइल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी लावायला बरेच जण मागून नेतात. मी देत नाही. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ते परत गोळा होऊन त्याचा पुनर्वापर होईल हे बघण्याची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आली आहे. तालुक्याच्या गॅरेजांपर्यंत गोळा करणाऱ्यांची गाडी अजून पोचलेली मला तरी दिसत नाही.

गाडी बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. पिकअप चालवणारा बहुतेक माणूस मराठी वाचतो, आणि त्याच्या हातात पडते ती बऱ्याचदा इंग्रजीतली जाडजूड पुस्तिका, जी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाही. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा आकडा चिकटवलेला असतो. तशीच एक पट्टी बॉनेटखाली, ऑइलच्या बुचाशेजारी चिकटवा, मराठीत: कोणती ग्रेड, कोणती एपीआय किंवा एसीईए, किती लिटर, आणि मालवाहतुकीच्या वापरात किती किलोमीटरला बदली. चार ओळी होतात. गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये हार घालून फोटो काढतात, तेव्हाच बॉनेट उघडून त्या चार ओळी मालकाकडून मोठ्याने वाचून घ्या. पुढे तो माझ्या दुकानात येवो की दुसऱ्याच्या, त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.