पोफळीचं रोप आणि टोकदार कानवाला

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारला एक रजा जोडून श्रीवर्धनला जाऊन आलो. संध्याकाळी काकांबरोबर वाडीत चक्कर मारत होतो, तर मध्येच थांबून ते म्हणाले, "काय रे, तुझं ते टोकदार कानवाल्याचं विमान उडतंय का अजून?"

मला हसूच आलं. 1980 च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं तेव्हाची ही गोष्ट. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अँटेना बांबूला बांधलेला. समुद्राकडून वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग काकांनी बाहेर जाऊन बांबू फिरवायचा, आणि मी खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" इंग्रजी कुणाला कळत होतं म्हणा! स्पॉकने एक भुवई वर केली की काहीतरी गंभीर झालं, एवढं मात्र आम्हा सगळ्यांना बरोब्बर कळायचं.

मी म्हटलं, "उडतंय काका. पण पुढे किती दिवस, ते कुणालाच सांगता येत नाहीये."

"का? जुनं झालं? मग नवीन लावून ठेवलं नाय काय त्यांनी मध्ये?"

काका पोफळींबद्दल बोलावं तसं बोलत होते. पण पुण्याला परत येताना गाडीत माझ्या डोक्यात तेच वाक्य घोळत राहिलं. माझ्या मते दुखणं नेमकं तेच आहे.

आधी परिस्थिती काय आहे ते बघू. स्टार ट्रेक सुरू झालं 8 सप्टेंबर 1966 ला, म्हणजे त्याला साठ वर्षांचं आयुष्य मिळालं. 2017 मध्ये डिस्कव्हरीपासून त्याचा नवा जमाना आला आणि एका वेळी चार-पाच मालिका चालू झाल्या. मग एकेक दिवा मालवत गेला. डिस्कव्हरी आणि लोअर डेक्स 2024 मध्ये संपल्या. सगळ्यांची लाडकी स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स पाचव्या, फक्त सहा भागांच्या सीझनने आटोपणार, हे 2025 मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी पॅरामाउंट कंपनीचीच मालकी बदलली. तिकडे 1963 पासूनचा डॉक्टर हू. त्याच्यासाठी बीबीसीने डिस्नेशी भागीदारी केली होती, ती संपल्याचं ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं गेलं. पुढे काय, तर 2026 च्या नाताळात एक विशेष भाग, एवढंच तेव्हा ठरलेलं होतं.

यावर नेहमीची उत्तरं तयार असतात. खर्च फार वाढला, प्रेक्षक विखुरला, स्ट्रीमिंगचं गणित जमत नाही. सगळं खरं आहे. पण या मालिका याआधीही मेल्या आहेत आणि परत आल्या आहेत. स्टार ट्रेक 1969 मध्ये 79 भागांनंतर बंद पडलं. डॉक्टर हू 1989 मध्ये बंद पडला. तेव्हाही पैसा नव्हता आणि मालकाला हौस नव्हती. मग परत कशा आल्या?

इथे मला काकांची वाडी आठवते. ज्यांनी पोफळीची बाग जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून शहाणा बागायतदार जुनी झाडं पडायची वाट बघत नाही, ती उभी असतानाच मधल्या जागेत नवी रोपं लावून ठेवतो. आणखी एक गंमत म्हणजे कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही. त्याला मोठ्या झाडांची नाहीतर केळींची सावली लागते. थोडक्यात, जुनं झाड सुपारी तर देतंच, शिवाय नव्याला सावलीही देतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त सुपारी दिसते.

जुन्या स्टार ट्रेकमध्ये ही सावली होती. कर्क आणि स्पॉकचे सिनेमे अजून येत होते तेव्हाच 1987 मध्ये नेक्स्ट जनरेशन सुरू झालं. ते चालू असतानाच 1993 मध्ये डीप स्पेस नाइन लावलं गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखकांची रोपं. वर्षाला सव्वीसेक भाग करायचे म्हणजे गोष्टींची भूक प्रचंड. 1989 च्या सुमारास मायकेल पिलर या मुख्य लेखकाने दार सताड उघडलं आणि बाहेरच्या, नाव नसलेल्या माणसांच्या पटकथाही वाचायला सुरुवात केली. त्या दारातून रोनाल्ड मूर नावाचा एक चाहता आत आला. त्याने पाठवलेली गोष्ट घेतली गेली, मग त्यालाच नोकरी मिळाली. पुढे त्याने डीप स्पेस नाइन लिहिलं, बॅटलस्टार गॅलॅक्टिका नव्याने उभं केलं आणि 2019 मध्ये फॉर ऑल मॅनकाइंड आणलं. ब्रॅनन ब्रागा तर तिथे इंटर्न म्हणून आला होता!

आता कुणी म्हणेल, सव्वीसपैकी दहा-बारा भाग भरतीचे असायचे, त्यापेक्षा आजचे दहा देखणे भाग बरे. मान्य, देखणे आहेतच. आणि जुन्यात स्पॉकचा मेंदूच कुणीतरी चोरून नेतं असला अचाट भागही होता, तो मी कुणाला आग्रहाने दाखवणार नाही. :) पण भरतीचा भाग ही शाळा होती. तिथे नवा माणूस चुकला तरी पुढच्या आठवड्यात सावरून घेता यायचं. दहाच भाग आणि प्रत्येकावर सिनेमासारखा खर्च, म्हटल्यावर नवख्याच्या हातात कोण देईल? मग तीच अनुभवी मंडळी, तीच जुनी पात्रं. पिकार्डला वयाच्या ऐंशीच्या घरात पुन्हा जहाजावर बोलावलं, त्याच्यामागोमाग त्याची सगळी जुनी टीम आली. मी ते डोळ्यांत पाणी आणून पाहिलं, खोटं का बोला. पण तो जुन्या झाडाला दिलेला टेकू होता, नवी लागवड नव्हे.

डॉक्टर हूचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 1966 मध्ये विल्यम हार्टनेल या मूळ नायकाची तब्येत साथ देईना, तेव्हा त्यांनी नायकाचं शरीरच बदलण्याची युक्ती काढली. म्हणजे नवं रोप लावायची सोय गोष्टीच्याच पोटात! मालिका 1989 मध्ये बंद पडल्यावर कादंबऱ्या निघत राहिल्या, आणि त्यांचे प्रकाशक नवोदितांची हस्तलिखितं मागवायचे. मार्क गॅटिस, पॉल कॉर्नेल ही मंडळी तिथे लिहिती झाली. 1996 मध्ये त्या मालेत एक कादंबरी रसेल डेव्हिस यांचीही होती. 2005 मध्ये डॉक्टर हू टीव्हीवर परत आणला तो याच डेव्हिसनी. टीव्हीचा पडदा सोळा वर्षं जवळजवळ काळाच होता (मधला 1996 चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर), पण रोपवाटिका चालू होती.

आणि आपल्याकडे? इंद्रधनुष, कॅप्टन व्योम अशा मालिका आल्या आणि गेल्या. शक्तिमान मात्र 1997 ते 2005 चालली, एका अख्ख्या पिढीने गिरक्या घेऊन डोकी फोडून घेतली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा माझ्या पुतण्यानेही आवडीने पाहिली. पण शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना आणि मुकेश खन्ना म्हणजे शक्तिमान. फेब्रुवारी 2022 मध्ये सिनेमाची घोषणा झाली आणि चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली, नवा शक्तिमान कोण? शक्तिमान लिहिणारे नवे कोण, हे फारसं कुणी विचारलं नाही. एकच झाड, त्याच्याखाली रोप नाही.

मराठीत वर्षानुवर्षं चाललेली विज्ञानकथेची मालिका मला आठवत नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट होती, जी मला आता जास्त मोलाची वाटते. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली 1966 मध्ये, म्हणजे ती स्टार ट्रेकचीच जुळी बहीण. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. 1974 मध्ये तिथे नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी केलेली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, नाव सांगितलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण त्यांना नवख्यांच्या रांगेत उभं राहून बघायचं होतं. अशी रांग तेव्हा होती, हा माझ्या दृष्टीने मुद्दा.

20 मे 2025 ला नारळीकर गेले. त्या दिवशी 'एक युग संपलं' असे बरेच मेसेज आले. मीही एकदोन पुढे ढकलले. आज वाटतं, युग संपलं की नाही हे त्यांच्या जाण्यावर नाही, पुढचा जगताप आपली कथा कुठे पाठवतो यावर ठरणार आहे. हॉलिवूडकडे पडदा आहे, पण रोपवाटिका त्यांनी मोडत आणली. आपल्याकडे पडदा कधी नव्हताच, पण रोपवाटिका होती. ती तरी टिकवणं अब्जावधी रुपयांचं काम नाही.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय? कारण सोमवार ते शुक्रवार माझ्याभोवती तेच चाललंय. आमच्या टीममध्ये दोन वर्षांत एकही फ्रेशर घेतलेला नाही. छोटी कामं आता एआय करतं, मग नवख्याला बसवून शिकवायचं कशाला, असा हिशेब. पूर्वी नवख्याला आधी फुटकळ बग द्यायचे. त्याने चार चुका करायच्या, सीनियरने ओरडायचं, आणि तीन वर्षांनी त्याच मुलाला सगळा कोडबेस तोंडपाठ असायचा. ते आमचे भरतीचे भाग होते. मी मीटिंगमध्ये एकदा विचारलं, दहा वर्षांनी हे सांभाळणार कोण? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की स्पॉकच आठवला.

असो. वाडीकडे परत येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. काकांच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. जुनी गेली आणि त्यांच्या पडण्याखाली मधली रोपंही गेली. सावलीच उरली नाही. तेव्हा काका सत्तरीत होते. आम्ही सगळे म्हणालो, आता बास, कशाला नव्याने लावता, सुपारी धरेपर्यंत... पुढचं वाक्य कुणी पूर्ण केलं नाही. त्यांनी आधी केळी लावली. सावली झाल्यावर पुढच्या पावसात रोपं लावली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला त्यातलं एक झाड दाखवलं. यंदा पहिल्यांदा फुलावर आलंय. "हे मी तोडणार नाय," काका म्हणाले. "तोडायला कोण येणार ते तुम्ही ठरवा."

मी काहीच बोललो नाही. अजून ठरवलेलं नाही.