विज्ञान-संवाद : दिव्यांच्या गर्दीतला तांबडा किरण



जानेवारीत रात्री नवाच्या सुमारास चाळीच्या गच्चीवर जा आणि मुलांना मृग नक्षत्र दाखवा. चार कोपऱ्यांवर चार तारे आणि मध्ये एका ओळीत तीन, एवढे शहरातही दिसते. त्या तिघांच्या खालच्या बाजूला एक पुसट ठिपका आहे. तो वायूचा प्रचंड ढग आहे, साधारण तेराशे प्रकाशवर्षे दूर. तिथे नवे तारे जन्माला येतात. पण आपल्या दिव्यांचा उजेड धुळीवर, बाष्पावर पसरून आकाश पांढुरके करतो आणि तो ढग त्यात बुडून जातो.

तरीही शहरातल्याच गच्चीवरून काही हौशी मंडळी त्याचे सुरेख फोटो काढतात. हे कसे जमते?

रेडिओ आठवा. हवेत अनेक केंद्रांच्या लहरी असतात, पण काटा जागेवर आणला की एकच केंद्र ऐकू येते. उजेडाचेही तसेच आहे. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. त्या ढगातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा उजेड देतो, तर ऑक्सिजन ५००.७ चा हिरवट-निळा. कॅमेऱ्यापुढे अशी काच बसवतात, की त्या लहरीभोवतीचे जेमतेम ३ ते ७ नॅनोमीटर आत यावेत. ढगाचा उजेड आत येतो, दिव्यांचा बहुतेक बाहेर राहतो. पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड मोजक्या रंगांत असे, तो अडवणे सोपे होते. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो, म्हणून आता अशी अरुंद काचच कामाला येते.

ऑक्सिजनच्या या रेषेची कथा ऐकण्यासारखी आहे. विल्यम हगिन्स हा घरचे कापडाचे दुकान सांभाळलेला, विद्यापीठात न शिकलेला लंडनचा माणूस. १८६४ साली त्याला एका तेजोमेघात ही हिरवी रेषा दिसली. ओळख पटेना, म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचे नवेच मूलद्रव्य मानले गेले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की तो आपल्या ओळखीचा ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला.

आता घरखर्चाची गोष्ट. मुलाने हट्ट धरला म्हणून कर्ज काढून अशी काच घेऊ नका. नुसत्या डोळ्याला लावली तर जवळजवळ अंधारच दिसेल. तिला आकाशाबरोबर फिरणारी बैठक आणि कित्येक मिनिटांचा एकेक फोटो लागतो. शिवाय दूरच्या दीर्घिका ताऱ्यांच्या सर्व रंगांनी उजळतात, त्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

काच उजेड अडवते, कमी करत नाही. कमी करणे माणसाच्या हाती आहे. दिव्याला वरून टोपी घालावी, उजेड जमिनीवर पाडावा, नको तेव्हा बंद करावा. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने दिवे बदलले आणि २०२४ साली त्याला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला.

म्हणून आज एवढेच करा. गॅलरीतला दिवा मालवा, वीस मिनिटे अंधारात बसा आणि मुलांसोबत तो ठिपका शोधा. आकाश बघायला तिकीट लागत नाही. ते आपल्या लेकरांचेही आहे.