टॅब्लेट कागदाला पर्याय, संगणकाला नव्हे

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने ‘आयपॅडओएस २६’ ही कार्यप्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि पंधरा वर्षे रेंगाळलेला एक वाद नव्याने पेटला. आयपॅडच्या पडद्यावर आता हव्या त्या आकाराच्या, एकमेकींवर ठेवता येणाऱ्या खिडक्या उघडू लागल्या, वरच्या कडेला संगणकासारखा मेनू आला, माऊसच्या खुणेलाही बाणाचे नेमके टोक मिळाले. मग कामासाठी वेगळा लॅपटॉप बाळगायचाच कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जाऊ लागला.

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या मराठी नोकरदारासाठी हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. येथे बहुसंख्यांचे वास्तव्य नोकरीशी बांधलेले असते आणि रोजच्या वापरातला लॅपटॉप बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो. घरात स्वतःच्या पैशाने घेतलेले साधन कोणते आणि त्यावर नेमके काय करता येते, याचा संबंध म्हणूनच थेट उपजीविकेशी पोहोचतो.

भाकितांचा इतिहास

टॅब्लेट संगणकाची जागा घेणार, हे भाकीत आयपॅडपेक्षाही जुने आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये लास व्हेगास येथील ‘कॉमडेक्स’ प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी टॅब्लेट पीसीचा नमुना सादर केला आणि पाच वर्षांत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वैयक्तिक संगणकांत हाच प्रकार सर्वाधिक लोकप्रिय ठरेल, असे सांगितले. तसे घडले नाही. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड आणला, तेव्हा त्याची मांडणी फोन आणि लॅपटॉप यांच्या मधले साधन अशी होती. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये मोठ्या पडद्याचा आयपॅड प्रो बाजारात येताना मात्र टिम कुक यांनी, आता संगणक विकत घ्यावाच कशाला, असा सवाल केला.

त्यानंतरची वाटचाल पाहिली तर या सवालाचे उत्तर ॲपललाच टप्प्याटप्प्याने शोधावे लागले, असे दिसते. माऊस आणि ट्रॅकपॅड यांना पूर्ण आधार मिळाला तो मार्च २०२० मध्ये. साधे गणकयंत्र, म्हणजे कॅल्क्युलेटरचे ॲप, आयपॅडवर अवतरले ते २०२४ मध्ये. टॅब्लेटने संगणकाला मागे टाकले, असे म्हणण्यापेक्षा टॅब्लेट दरवर्षी थोडाथोडा संगणकासारखा होत गेला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

अमिरातीचा अनुभव

या विषयाचा अभ्यास करण्यास अमिरातीइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. एप्रिल २०१२ मध्ये ‘मोहम्मद बिन रशीद स्मार्ट लर्निंग’ कार्यक्रम जाहीर झाला. पाच वर्षे, एक अब्ज दिरहम आणि सरकारी शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती टॅब्लेट, असा त्याचा आवाका होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात यूएई युनिव्हर्सिटी, झायेद युनिव्हर्सिटी आणि हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी या तीन संघीय संस्थांनी सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांसाठी आयपॅडवर आधारित अध्यापन सुरू केले. मे २०१३ मध्ये सरकारी सेवा चोवीस महिन्यांत मोबाइलवर आणण्याचे लक्ष्य खात्यांना देण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये दुबई सरकारने आपला कारभार संपूर्ण कागदविरहित झाल्याचे घोषित केले. त्यातून ३३ कोटी ६० लाख कागद, १.३ अब्ज दिरहम आणि १ कोटी ४० लाख मनुष्यतास वाचल्याचे सांगण्यात आले.

या घटनाक्रमात एक समान धागा आहे. विद्यापीठांतील आयपॅडची योजना सुरू झाली ती पदवीपूर्व पायाभूत वर्षात, म्हणजे भाषा, वाचन आणि सराव यांच्या टप्प्यावर. सरकारी सेवा मोबाइलवर आल्या त्या अर्ज भरणे, परवाना घेणे, शुल्क चुकते करणे यांसाठी. दुबईने यशाचा हिशेब मांडला तोही कागदांच्या संख्येत. हाती धरायच्या पडद्याने हटवले ते वही, छापील अर्ज, फाइल आणि रांग. ज्या यंत्रांवर त्या सेवा, ते अभ्यासक्रम आणि ती माहितीकोठारे तयार झाली, ते संगणक आपल्या जागी राहिले.

भारतातही हेच दिसले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लाल वेष्टनातील टॅब्लेट घेऊन संसदेत प्रवेश केला आणि अर्थसंकल्पाचे भाषण त्यावरून वाचले. त्या वर्षी छापील प्रतींची जागा पडद्याने घेतली. अर्थसंकल्पामागची आकडेमोड आणि कोष्टके वाचनाच्या साधनावर उभी राहत नाहीत, हे मात्र कोणत्याही हिशेबनिसाला सांगावे लागणार नाही. विमानांच्या कॉकपिटमध्येही तेच घडले. अमेरिकन एअरलाइन्सने जून २०१३ पर्यंत वैमानिकांच्या सुमारे १६ किलो वजनाच्या कागदी बॅगा आयपॅडने बदलल्या. तिथेही गेले ते कागदच.

बांधकामस्थळ आणि हिशेबाचे टेबल

अमिरातीतील मराठी माणसांच्या दोन परिचित व्यवसायांकडे पाहिले की ही विभागणी स्पष्ट होते. पहिला बांधकाम अभियंत्याचा. दुबई महापालिकेने १ जानेवारी २०१४ पासून मोठ्या आणि विशेष इमारतींसाठी ‘बीआयएम’, म्हणजे इमारतीचे सर्वांगीण डिजिटल प्रारूप, बंधनकारक केले. आज साइटवरचा अभियंता टॅब्लेटवर ते प्रारूप फिरवून पाहतो, स्लॅबमधील दोषाचे छायाचित्र काढून नेमक्या जागी चिकटवतो, तपासणीचा अर्ज तिथल्या तिथे भरतो. नकाशांची भेंडोळी खांद्यावर टाकून मजले चढण्याचा काळ संपला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्यात ते प्रारूप घडते तो ‘रेव्हिट’ हा प्रोग्राम केवळ विंडोजवर चालतो. वेळापत्रकाचे तज्ज्ञ ज्यावर विसंबून असतात त्या ‘प्रायमावेरा’ची डेस्कटॉप आवृत्तीही टॅब्लेटसाठी नाही.

येथे हवामानही आपले म्हणणे मांडते. आयपॅड वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असावे, असे ॲपलचे निर्देश आहेत. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. जिथे माणसालाच सावलीत पाठवावे लागते, तिथे उन्हात ठेवलेला टॅब्लेट तापून बंद पडला तर नवल नाही. साइटचे हे साधन साइटवरही बारमाही चालत नाही.

दुसरा व्यवसाय लेखापालाचा. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आला. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ३,७५,००० दिरहमहून अधिक करपात्र उत्पन्नावर ९ टक्के कॉर्पोरेट कर लागू झाला. कराचे विवरणपत्र ‘एमाराटॅक्स’ या संकेतस्थळावर भरायचे असते आणि ते काम ब्राउझरचे आहे. खरा घाम त्याआधी गाळावा लागतो: बँकेचे उतारे, खरेदी-विक्रीची बिले, खातेवही यांचा ताळमेळ बसवण्यात. टॅलीचा मूळ प्रोग्राम विंडोजचा. टॅब्लेटच्या ब्राउझरमधून त्याचे अहवाल पाहता येतात. एक्सेल आयपॅडवर उत्तम उघडते, पण वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो त्यावर चालत नाहीत. मालक टॅब्लेटवर नफा पाहतो. तो नफा किती, हे लेखापाल संगणकावर ठरवतो.

जिथे टॅब्लेट पुरेसा आहे

याचा अर्थ टॅब्लेट हे दुय्यम खेळणे आहे, असा नव्हे. स्थावर मालमत्तेचा मध्यस्थ, विमा सल्लागार, रुग्णांच्या नोंदी पाहणारा डॉक्टर, शिक्षक, प्रवासात असणारा विक्री अधिकारी यांच्या कामाचा मोठा भाग दाखवणे, बोलणे, टिपणे आणि सही घेणे हा असतो. त्यांना टॅब्लेट पुरतो, बऱ्याचदा लॅपटॉपपेक्षा सोयीचा ठरतो. चित्रकार आणि आराखडाकार यांच्यासाठी पडद्यावर थेट चालणारी लेखणी ही साध्या संगणकावर सहसा न मिळणारी देणगी आहे. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यांसाठी ‘फायनल कट प्रो’ मे २०२३ मध्ये आयपॅडवर आले. युनिकोडमुळे मराठी मजकूर टॅब्लेटवर लिहिणे सहज झाले आहे. एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेचा लेख त्यावर पूर्ण होऊ शकतो. मात्र त्याच स्मरणिकेची पाने लावायला बसले की ‘इनडिझाइन’ लागते, आणि त्याची आयपॅड आवृत्ती नाही.

ही मर्यादा शक्तीची नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयपॅड प्रोमध्ये ‘एम१’ ही तीच चिप बसवली, जी त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती. मेंदू तोच असूनही कार्यप्रणाली वेगळी ठेवली गेली. जी कंपनी दोन्ही साधने विकते, तिला एका साधनाने दुसऱ्याची गरज संपवावी, असे वाटण्याचे कारण नाही. शिवाय बाहेरचा कोणताही प्रोग्राम मुक्तपणे बसवू न देणे ही टॅब्लेटच्या सुरक्षिततेची आणि साधेपणाची किंमत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसने दुसरा मार्ग निवडला आणि टॅब्लेटच्या देहात पूर्ण विंडोज बसवले. पण मग तो कीबोर्ड काढता येणारा संगणकच ठरतो आणि मूळ प्रश्न निकालात निघत नाही.

दूरस्थ संगणकाचा उपायही असाच आहे. कार्यालयातील किंवा क्लाउडवरील विंडोज यंत्र टॅब्लेटच्या पडद्यावर उघडता येते, आणि वेगवान इंटरनेट असलेल्या अमिरातीत हे चांगले चालते. तरी त्या वेळी काम संगणकच करत असतो. तो फक्त टेबलावरून दुसरीकडे गेलेला असतो, आणि त्याची किल्ली कंपनीच्या हाती असते.

किल्ली कोणाच्या हाती

अमिरातीतील मराठी कुटुंबासाठी विषयाचा गाभा येथेच आहे. नोकरी संपते त्या दिवशी लॅपटॉप परत करावा लागतो, ईमेल बंद होतो, दूरस्थ प्रवेश थांबतो. व्हिसाच्या प्रकारानुसार मोजकी मुदत उरते. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या बेरोजगारी विम्यातून पात्र व्यक्तीला मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. या काळात नवी नोकरी शोधणे, मुलाखतीच्या चाचण्या देणे, नमुन्यादाखल आराखडा किंवा हिशेबाचे प्रारूप तयार करणे, एखादे नवे कौशल्य आत्मसात करणे, हे सर्व स्वतःच्या यंत्रावर करावे लागते. त्या वेळी घरात केवळ टॅब्लेट असेल, तर अर्ज पाठवता येईल; पण रेव्हिट जाणणाऱ्या अभियंत्याला किंवा मॅक्रो लिहिणाऱ्या लेखापालाला आपले कसब त्यावर दाखवता येणार नाही.

मुलांच्या बाबतीतही हाच निकष लागू पडतो. येथील सीबीएसई शाळांत अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला पायथन शिकावे लागते आणि बारावीत त्याची मायएसक्यूएल या माहितीकोठाराशी जोडणी करावी लागते. पायथनचे छोटे प्रोग्राम टॅब्लेटवरही चालवता येतात. दोहोंची जोडणी आपल्या यंत्रावर उभी करून चुका शोधण्याचा सराव मात्र संगणकावरच नीट होतो. फाइल कुठे ठेवली जाते, प्रोग्राम कसा बसवला जातो, बिघडल्यावर काय पाहायचे, हे ज्ञान टॅब्लेट जाणीवपूर्वक झाकून ठेवतो. वापरणाऱ्याची ती सोय आहे; घडवायला शिकणाऱ्याची ती अडचण आहे.

खर्चाचा मुद्दाही तपासून पाहावा. टॅब्लेटची जाहिरातीतली किंमत एकट्या पडद्याची असते. कीबोर्ड, लेखणी, वाढीव साठवण आणि सिमकार्डची सोय यांची बेरीज केली की आकडा अनेकदा चांगल्या लॅपटॉपच्या पंगतीला जाऊन बसतो. बर दुबईतील अल ऐन सेंटर किंवा अल खलीज सेंटरमध्ये खरेदीला जाणाऱ्याने ही संपूर्ण बेरीज आधी करावी आणि मगच तुलना करावी.

ज्याचे काम मंजुरी देणे, पाहणे, दाखवणे आणि नोंदवणे एवढेच आहे, त्याने निःशंकपणे टॅब्लेट घ्यावा. ज्याचे काम इतरांनी पाहावे आणि मंजूर करावे असे काही तयार करणे हे आहे, त्याच्या घरात एक संगणक असावा. तो साधा असला तरी चालेल, पण स्वतःचा असावा. परदेशातल्या नोकरीची शाश्वती कोणी देत नाही. कंपनीचा लॅपटॉप परत केल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आपले काम जसेच्या तसे ज्यावर सुरू करता येईल, तेच साधन आपल्यासाठी संगणक होय. मग त्याला कीबोर्ड जोडलेला असो वा नसो.