खाटा दाखवा, नकारही दाखवा

एच. डी. कोटे हा म्हैसूर जिल्ह्यातला, नागरहोळेच्या जंगलाला लागून असलेला तालुका. जंगलातून बाहेर काढलेले जेनु कुरुबा आदिवासी इथल्या हाडींमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये राहतात. इथून म्हैसूर शहर पन्नासेक किलोमीटर. मण्यार चावलेल्या मजुराला तालुक्यात प्रतिविष मिळालं, तरी श्वास मंदावला की व्हेंटिलेटर लागतो. 108 च्या चालकाला रस्ता मोबाइल दाखवतो. मोकळा व्हेंटिलेटर कुठे आहे, हे कोण दाखवणार?

म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या अपघात विभागाची त्या क्षणाची स्थिती रुग्णवाहिकेतल्या नकाशावर दिसली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ही मागणी एका शेतमजूर संघटनेच्या लढ्यातून आलेली आहे. जुलै 1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख रेल्वेतून पडले. डोक्याला गंभीर मार लागला होता. सरकारी रुग्णालयांमागून सरकारी रुग्णालयांनी खाट किंवा सोय नाही म्हणून परत पाठवलं. अखेर खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 च्या निकालात न्यायालयानं तातडीचा उपचार नाकारणं हा कलम 21 चा भंग ठरवला आणि कुठे खाट आहे हे कळावं म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारायला सांगितलं. तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हते. आज आहेत.

पण नुसत्या पडद्यानं न्याय होत नाही. मे 2021 मध्ये बेंगळुरूत खाटांचं वाटप ऑनलाइन होत होतं आणि खाटा अडवल्याचे आरोप झाले. खासदार तेजस्वी सूर्या यांनी महापालिकेच्या वॉर रूममध्ये जाऊन दोनशेच्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी फक्त 17 मुस्लिमांची नावं वाचून दाखवली. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. खाट कोणी, कधी, कोणासाठी अडवली याची नोंद लोकांसमोर नसली, की नावावरून गुन्हेगार ठरवणं असं सोपं होतं.

नावावरून रुग्णही ठरतो. आपल्याकडे आडनाव, वस्ती, रेशनकार्डाचा रंग यांतून जात कळते आणि पैसे कोण भरणार याचा अंदाजही तिथेच बांधला जातो. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, खासगी रुग्णालयांना या नकाशावर येणं कायद्यानं बंधनकारक करा. 2024 मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद कळवणं खासगी रुग्णालयांनाही सक्तीचं केलं. मग मोकळ्या व्हेंटिलेटरची का नको? नाहीतर खासगी रुग्णालयं नकाशाबाहेर राहतील आणि सगळा भार म्हैसूरच्या सरकारी के. आर. रुग्णालयावर पडेल. दोन, रुग्णवाहिकेकडून रुग्णालयाला आधी फक्त वय, दुखापत, नाडी आणि श्वास कळवा. नाव आणि कार्ड दाखल झाल्यावर. तीन, प्रत्येक नकार वेळ आणि कारणासह नोंदवा आणि दर महिन्याला रुग्णालयवार जाहीर करा. ज्याला खरंच जागा नाही, त्याला या नोंदीची भीती वाटायचं कारण नाही.

के. आर. म्हणजे कृष्णराजेंद्र. म्हैसूरच्या याच राजानं 1918 मध्ये मिलर समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, हे तिनं पाहिलं आणि मग ब्राह्मणेतरांना वाटा देण्याची शिफारस केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1902 मध्ये तेच पाऊल उचललं होतं. मोजल्याशिवाय वाटा मिळत नाही, हे आपल्या चळवळीला तेव्हापासून ठाऊक आहे. रुग्णालयाच्या दारातून परत पाठवलेल्यांची मोजणी मात्र अजून कोणी करत नाही. नकाशा बनवणार असाल, तर सुरुवात तिथून करा.