नियम बदलला, टेबल बदललं का?

एका खेळाच्या नियमपुस्तकावर आम्ही का लिहितोय, असं साथी विचारतील. आधी प्रसंग सांगतो.

ताडीवाला रोडवरच्या आमच्या अभ्यासवर्गात येणारा, इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा कॉलेजच्या मित्रांसोबत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला गेला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं गेलं, "तू ऑर्क घे. अंगात ताकद भरपूर, डोकं कमी." सगळे हसले. तोही हसला. आमच्याकडे आल्यावर मात्र त्याने विचारलं, "दादा, हा नियम लिहिला कुणी?"

उत्तर शोधताना या खेळाच्या आवृत्त्या चाळल्या आणि ओळखीचं बरंच काही सापडलं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत हा खेळ काढला. 1978 च्या पुस्तकात कोणत्या वंशाने कोणतं काम करायचं आणि त्यात किती वर चढायचं, हे जन्मावर ठरलेलं होतं. बुटक्याला जादूगार होता येत नसे. बाईच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी. 1981 च्या सोप्या आवृत्तीत तर 'एल्फ' हा वंशही आणि तोच धंदाही. 1989 ला बाईवरची मर्यादा गेली. 2000 ला कुणीही कोणतंही काम करावं अशी मुभा आली, पण अर्ध्या ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण कापलेच. 2016 च्या एका पुरवणी पुस्तकातही ऑर्कची बुद्धी दोनने कमी होती.

2020 साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा खेळाच्या कंपनीला मान्य करावं लागलं की ऑर्कसारख्यांचं चित्रण खऱ्या माणसांच्या बदनामीची आठवण करून देतं. बुद्धीची कपात रद्द झाली. 2024 च्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच गेला आणि वाढीव गुण जन्मापासून तोडले गेले.

यावर ओरड झाली की खेळ बिघडला, सगळे सारखेच झाले. हा सूर आम्ही आरक्षणाच्या वादात रोज ऐकतो. पण नव्या पुस्तकातही ड्रॅगनच्या वंशाचा माणूस आग ओकतोच, बुटका विष पचवतोच. वेगळेपण शाबूत आहे. गेली ती जन्मावरून बुद्धी मोजण्याची सोय. वेगळेपण आणि उतरंड या दोन गोष्टी आहेत, हे ज्यांना उतरंडीचा फायदा होतो त्यांनाच कळत नाही.

मग आम्ही टाळ्या वाजवाव्यात का? थांबा. 2024 मध्ये वाढीव गुण आले ते 'पार्श्वभूमी'तून, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्यातून. शेतकऱ्याला ते ताकद, चिवटपणा आणि शहाणपण यांतच टाकता येतात. सरदाराला आणि विद्वानाला बुद्धीत टाकता येतात, शेतकऱ्याला नाही. जन्म गेला, धंदा आला.

जन्म सोडा, गुणकर्म घ्या, पण चौकट ठेवा, हा युक्तिवाद आपल्याकडे जुना आहे. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी गुणावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचीही चिरफाड केली, ती याचसाठी. माणसं ठरीव कप्प्यांत मावत नाहीत. खेळात निदान पार्श्वभूमी आपण निवडतो. वस्तीत ती निवडून मिळत नाही. वेगळी पार्श्वभूमी घडवायची वाट नियमांत आहे, पण तिची किल्ली खेळ चालवणाऱ्याकडे आहे. म्हणजे शेवटी टेबल कोण चालवतो, यावरच सगळं आलं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. "डोकं कमी" हा नियम कुणी लिहिला? त्या टेबलावर 2024 चंच पुस्तक होतं. त्यात असा नियम नाही. तो मित्रांच्या डोक्यात होता, आणि ऑर्क कुणाला द्यायचा हेही तिथेच ठरलं होतं. 26 जानेवारी 1950 पासून आपल्याकडेही नियमपुस्तक नवं आहे, सतरावं कलम त्यात आहे. राबवणारे वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेतच देऊन ठेवला होता.

म्हणून नियम बदलण्याची लढाई फुकट आहे, असं आम्ही म्हणत नाही. नियम बदलला नसता तर त्या मित्रांना पुस्तकाचा आधार मिळाला असता. आज तो नाही, म्हणून आपला मुलगा पुस्तक उघडून "दाखव कुठे लिहिलंय" असं विचारू शकतो. कायद्याचं मोल एवढं नक्की आहे. पण विचारायला तिथे बसावं लागतं.

या खेळाचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून खुल्या परवान्यात आहेत. श्रेय देऊन कुणीही ते वापरावेत, बदलावेत, मराठीत आणावेत. महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही. त्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं, की खेळ सोडू नकोस. पुढच्या रविवारी विहारात तू टेबल मांड, आणि खेळ तू चालव.

जय भीम.