माजघराच्या मापाचा पडदा

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी सोन्याचा एखादा मणी, शेतीचे अवजार, निदान नवे भांडे तरी घरात यावे, अशी आपल्याकडची जुनी चाल. अलीकडे तिच्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. मंचर, नारायणगाव, घोडेगाव या पेठांतून सणाच्या तोंडावर फेरी मारली, तर टेम्पोत उभी बांधलेली, दरवाजाच्या फळीएवढी चपटी खोकी गावोगाव निघालेली दिसतात. ती दूरचित्रवाणी संचांची. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून तर लहान संच मागणे कमीपणाचे वाटू लागले आहे. एकाकडे त्रेचाळीस इंची आला की शेजारी पंचावन्न इंची येतो, आणि टोमॅटोला बरा भाव मिळाला असेल तर भावकीत पासष्ट इंचीही येतो, बहुधा हप्त्यांवर.

कीर्तनकाराने या व्यवहारात का पडावे, असे कुणी विचारील. कारण असे की, जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या शिवारात बिबट्याच्या धास्तीने सांज होताच दारे लागतात. रात्रीच्या कीर्तनाला वाडी-वस्तीवरची म्हातारी माणसे आताशा येऊ धजत नाहीत. त्यांच्या कानी हरिकथा पडते ती भिंतीवरच्या पडद्यातून. आमच्यातले काहीजण गादीवरून या यंत्राला शिव्याशाप देतात. मला ते पटत नाही. आषाढीची महापूजा अंथरुणाला खिळलेल्या माउलीला ज्याच्यामुळे दिसते, त्याला शाप कशाला? मात्र ते पारखून घ्यावे, एवढेच म्हणणे.

आपल्या भागाचा आणि या विद्येचा संबंध तसा जुना आहे. नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये उभे राहिले, तेव्हा मुंबईलाही दूरदर्शन केंद्र नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण लागू लागले, आणि आळीतल्या एकुलत्या एका संचापुढे, ओसरीपासून उंबऱ्यापर्यंत, माणसे दाटीवाटीने बसू लागली. पडदा वीस इंचांचा. चित्रात मुंग्या. तरीही कुणाला काही उणे वाटल्याचे आठवत नाही. अर्थात, तेव्हा चालले म्हणून आजही तेच चालवावे, असे माझे म्हणणे नाही.

प्रश्न आहे मापाचा, आणि या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन मापे सांगितली. १०८, ६४ आणि ३२ हात. सर्वांत मोठे ते सर्वांत उत्तम, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. मर्त्य माणसांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद मंडप बांधावा, त्याहून मोठा बांधू नये, असा त्यांचा स्पष्ट निर्बंध आहे. कारणेही दोनच दिली आहेत: मंडप फार मोठा झाला तर नटाचे शब्द बेसूर होऊन कानी पडतात, आणि मुखावरील भाव स्पष्ट दिसेनासे होतात. एक कारण कानाचे, एक डोळ्याचे. दुकानात संच निवडताना याहून वेगळी कसोटी लागत नाही.

आधी डोळ्याचे पाहू. पडद्याचे इंच हे रुंदीचे नसून कर्णाचे असतात. पंचावन्न इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे चार फूट रुंद व सव्वादोन फूट उंच भरतो. ‘फुल एचडी’ पडद्यावर सुमारे वीस लाख सत्तर हजार चित्रबिंदू असतात, ‘फोर-के’वर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख. आकडा ऐकून माणूस दिपतो. परंतु निरोगी डोळ्याला किती बारीक भेद कळावा, यालाही निसर्गाने मर्यादा घातली आहे. पंचावन्न इंची संचापासून साधारण सव्वासात फुटांच्या पलीकडे बसले, की वीस लाख आणि त्र्याऐंशी लाख यांतला फरक डोळा टिपू शकत नाही. त्रेचाळीस इंचीच्या बाबतीत हे अंतर साडेपाच फुटांच्या आसपास येते. आपल्या माजघरात भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस पडद्यापासून आठ-दहा फूट तरी दूर असतो. त्यात मोतीबिंदू असेल तर बोलायलाच नको. आज मोठे संच बहुतेक फोर-केच मिळतात, ते घ्यावेत. पण त्या शब्दासाठी वरचे पैसे मोजू नयेत.

शिवाय पडद्यावर येणार काय, हेही पाहायला हवे. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या जुन्याच प्रमाणाच्या आहेत. त्यांच्या चित्रात जेमतेम चार लाख बिंदू. तेच चित्र पासष्ट इंचांवर ताणले की विठोबाच्या कपाळीचा गंधही विरघळल्यासारखा दिसतो. लहान पडद्यावर तेच नीटस वाटते. आपल्या खोडदची महाकाय दुर्बीण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या त्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आणि त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे. टिपायच्या लहरी लांब, मग पत्र्याचा खर्च कशाला? जे ग्रहण करायचे त्याच्या मानाने साधन. हा हिशेब ज्या तालुक्यात इतक्या उत्तम रीतीने मांडला गेला, तिथल्या माणसांनी दिवाणखाना पाहून संच घ्यावा, शेजाऱ्याचा पाहून नव्हे.

दुकानातले चित्र पाहूनही निर्णय करू नये. तिथे रंग भडक आणि प्रकाश कमाल ठेवलेला असतो, आणि दाखवतात ती खास तयार केलेली समुद्राची व फुलांची दृश्ये. पडद्यांचे प्रकारही समजून घ्यावेत. काहींत काळा रंग गडद दिसतो, पण बाजूला बसणाऱ्याला चित्र फिके दिसते, काहींत उलट. आपल्याकडे घरची दहा माणसे अर्धवर्तुळात बसतात, म्हणून बाजूने पाहणे हे आलेच. ‘ओएलईडी’ जातीचे चित्र अंधारात अप्रतिम, हे मान्य. परंतु ज्या घरी एकच भक्तिवाहिनी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असते, तिथे वाहिनीचे स्थिर चिन्ह पडद्यावर कायमचे उमटण्याचा धोका त्या जातीत असतो.

लावण्याच्या उंचीविषयी एवढेच, की देवाच्या तसबिरीइतका संच वर टांगू नये. जमिनीवर बसणाऱ्याचा डोळा अडीच फुटांवर असतो.

आता कानाचे, आणि माझ्या मते गाडे अडते ते इथेच. संच जसजसा पातळ झाला तसतशी ध्वनिवर्धकाला जागा उरली नाही. बहुतेक संचांत तो खाली किंवा मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. जुन्या पेटीवजा संचाचे चित्र यथातथाच असे, पण आवाज अंगावर येई. आज पडद्यावर बुवांच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि आजीबाई सुनेला विचारतात, “काय म्हणाले गं?” पूर्वरंगात अर्थ शब्दाच्या टोकाशी असतो. ‘न’ आणि ‘ना’ यांतला भेद ऐकू आला नाही, तर निरूपण उलटे कळते. मृदंग आणि टाळ यांच्या गर्दीत व्यंजने बुडतात, आणि आवाज वाढवला की मृदंगच वाढतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे. घरातल्या वृद्धांसाठी म्हणून आणलेल्या संचात तेच शेवटी राहावे, याला काय म्हणावे!

म्हणून माझा आग्रह असा की, पासष्टऐवजी पंचावन्न, पंचावन्नऐवजी त्रेचाळीस घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत वेगळा ध्वनिवर्धक, ज्याला ‘साउंडबार’ म्हणतात तो, घ्यावा. तो जोडण्यासाठी संचाला ‘एचडीएमआय एआरसी’ नावाची खाच आहे ना, हे विचारून घ्यावे. संवाद स्पष्ट करण्याची सोय असेल तर उत्तम.

दुकानात गेल्यावर फुलांचे चित्रपट बंद करावयास सांगावेत, सह्याद्री वाहिनी लावून घ्यावी, टेपाने घरून मोजून आणलेल्या अंतरावर उभे राहावे आणि घटकाभर डोळे मिटून नुसते ऐकावे. दुकानदार कुरकुरेल, कारण दसऱ्याला त्याला श्वास घ्यायची फुरसत नसते. त्या दिवशी आपट्याची पाने वाटावीत, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे. दुसऱ्या दिवशी बहुधा एकादशी असते, दुकाने रिकामी असतात आणि टेम्पोही मोकळे असतात.