हुद्द्याची चढाओढ आणि सैनिकाचा स्वाभिमान

वैनगंगेच्या काठावरील आमच्या कारधा परिसरात सैन्यभरतीसाठी पहाटे धावणारे तरुण दिसले की समाजाला अभिमान वाटतो, आणि तो वाटणे योग्यच आहे. परंतु वर्दी मिळाल्यानंतर त्या तरुणाचे पलटणीत काय होते, याचा विचार आपली कुटुंबे क्वचितच करतात. वस्तुतः खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते.

शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीवर जागा कमी होत जातात. शिवाय ज्याचा हुद्दा खालचा, त्याला निवृत्तीही लवकर. म्हणजे बढती हा केवळ मानाचा प्रश्न नव्हे. घरात पगार किती वर्षे येणार आणि निवृत्तिवेतन किती बसणार, हे तिच्यावर ठरते. म्हणूनच एका बराकीत झोपणारे व एका लंगरात जेवणारे जवान एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात.

ही शिडी आपल्या पूर्वजांनी फुकट मिळवलेली नाही. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावी लढलेल्यांच्या वंशजांना 1892-93 च्या सुमारास भरतीची दारे बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, 111 महार ही पलटण उभी राहिली. 1921 साली ती मोडण्यात आली. पुढे परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. आज त्या रेजिमेंटमध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील जवान आहेत. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा सुभेदार-मेजर होते. त्या हुद्द्यामागे लष्करातील शिक्षण होते, हे आपण विसरता कामा नये.

सैन्यदलात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नाहीत. तेथे आपल्या मुलाला परीक्षा, नेमबाजी, शिस्त व गोपनीय अहवाल यांच्याच बळावर वर चढावयाचे आहे. चढाओढ ही स्वतः वाईट नव्हे. मोजमाप उघड असेल तर हरलेला मनुष्यही निकाल मानतो. मोजमाप झाकलेले असेल, तर जिंकलेल्याकडेसुद्धा संशयाने पाहिले जाते. मग साहेबाच्या मर्जीतला कोण, चुगली कोणी केली, याचीच कुजबुज सुरू होते. ज्या सोबत्याच्या भरवशावर गोळीला सामोरे जावयाचे, त्याच्याविषयीच मनात विष कालवले जाते. पलटणीचे मनोबल खचते ते येथे.

2022 सालच्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. चार वर्षांची नोकरी, अखेरीस सुमारे 11 लाख 71 हजार रुपये सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. आणि एका तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांनाच कायम सेवेत स्थान. चौघांतील तिघांना घरी परतावयाचे असेल, तर त्या चौघांत बंधुभाव कसा रुजावा? निवडीचे गुण कोणत्या गोष्टीला किती, हे प्रत्येक अग्निवीराला पहिल्याच दिवशी लेखी मिळाले पाहिजे आणि वर्षअखेरीचे त्याचे गुण त्याला दाखविले पाहिजेत. ही दयेची याचना नव्हे. न्यायाची किमान अट आहे.

संविधानाच्या अनुच्छेद 33 अन्वये सैनिकाच्या काही मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येते. त्याला कामगारासारखी संघटना करता येत नाही. म्हणून त्याचा वैयक्तिक अर्ज हेच त्याचे शस्त्र. सैन्य अधिनियम, 1950 च्या कलम 26 प्रमाणे अन्याय झालेला जवान आपल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तक्रार घेणाऱ्यावर चौकशी करण्याचे बंधन आहे. तेथे दाद न मिळाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, 2007 प्रमाणे न्यायाधिकरणाकडे जाता येते; त्याचे एक पीठ मुंबईस आहे. बढती व निवृत्तिवेतन हे विषय त्याच्या कक्षेत येतात. बदली व रजा येत नाहीत. अंतिम आदेशानंतर अर्जाची मुदत सहा महिने आहे. मात्र जाणूनबुजून खोटा आरोप करणे हाही सैन्य अधिनियमाने गुन्हा आहे. तक्रार सत्यावर उभी असावी, मत्सरावर नव्हे.

येथेच धम्माचा संबंध येतो. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने मुलाला मैत्री व करुणेबरोबर मुदिताही शिकवावी. दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंद मानणे म्हणजे मुदिता. सोबत्यास न्यायाने बढती मिळाली तर त्याचे मनापासून अभिनंदन करावे. अन्यायाने मिळाली तर सोबत्याचा द्वेष न करता अन्यायाविरुद्ध लेखणी उचलावी. मुदिता म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे.

मातापित्यांना माझी विनंती आहे. रजेवर आलेल्या मुलास केवळ पगार विचारू नका. पुढच्या हुद्द्याची परीक्षा कोणती, तिची तयारी किती झाली, सेवापुस्तकात लाल शाईची नोंद तर नाही ना, हे विचारा. प्रत्येक आदेशाची प्रत व तारीख जपून ठेवण्यास सांगा. आणि तो शिपाई म्हणूनच निवृत्त झाला, तर गावात त्याला कमी लेखू नका. हुद्दा खांद्यावर असतो, माणुसकी नव्हे. ती खांद्यावरून उतरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. जयभीम.